मुक्ताबाईंचे चार दात

१

मेलेल्या माणसानं भरसभेत येऊन जिवंत माणसावर आळ घ्यावा, असं पुण्यात सहसा घडत नाही. इथे ते काम जिवंत माणसंच इतक्या निष्ठेनं करतात, की मेलेल्यांना तसदी पडत नाही. पण मुक्ताबाई सरंजामे यांच्या पहिल्या स्मृतिदिनी, सदाशिव पेठेतल्या एका लहान सभागृहात, ते घडलं.

मुक्ताबाई म्हणजे जुन्या मराठी चित्रपटांतली म्हातारी. कुठल्याही चित्रपटातली. ऐन सव्विशीत तिनं एका भूमिकेसाठी वरचे पुढचे चार दात पाडून घेतले. चित्रपट चालला, दात गेले, आणि त्यानंतर तरुण बाईची भूमिका घेऊन तिच्या दारात कुणी आलं नाही. तिच्याहून बारा वर्षांनी मोठे असलेले नायक पडद्यावर तिच्या पाया पडायचे. घरी ती कवळी घालायची, कॅमेऱ्यासमोर काढून ठेवायची. निर्मात्यांचा रंगभूषेचा खर्च वाचला आणि प्रेक्षकांना सासवांचं भय बसलं.

"हीच बाई हॉलिवूडात जन्मली असती, तर सोन्याची बाहुली हातात घेऊन गेली असती," प्रास्ताविकात यज्ञेश्वर गोवंडे म्हणाले. ते फिल्म सोसायटीचे अध्यक्ष आणि मुक्ताबाईंचे चरित्रकार. "आपण काय दिलं? नारळ!"

पहिल्या रांगेत बसलेल्या नीरजा आठल्येनं मनात नोंद केली, की शालही दिली होती, फक्त ती आधीच्या सत्कारमूर्तीला दिलेली होती. नीरजा बँकेत खातेनिहाय चौकशीचं काम करून निवृत्त झाली होती. माणूस दिसला की त्याच्या जमेची आणि नावेची बाजू मांडायची, ही खोड निवृत्त झाली नव्हती.

भाषणं संपली. संगणकापाशी बसलेल्या माणसानं सांगितलं, की टेबलावर कुणीतरी एक पेन ड्राइव्ह ठेवून गेलंय, त्यावर 'मुक्ताबाईंचा शेवटचा निरोप' अशी छापील चिठ्ठी आहे. लोक खूश झाले. दिवे मंद झाले आणि तो ओळखीचा, खरखरीत, जात्यावर भरडल्यासारखा आवाज सभागृहात उतरला.

"मी मुक्ता बोलतेय. चंद्राला घरात ठेवू नका. तिनं मला शेवटी उपाशी ठेवलं. आल्यागेल्याला भेटू दिलं नाही. वल्लरी, पोरी, तू माझ्यापायी फार सोसलंस. आता जग"

आणि तिथेच आवाज थांबला. लोक पुढच्या शब्दाची वाट बघत राहिले. तो आला नाही.

मग सगळ्या माना एकदमच वळल्या. पहिल्या रांगेच्या टोकाला चंद्रभागा ओव्हाळ बसली होती. मुक्ताबाईंचे टोप बनवणारी, केस बांधणारी आणि साठ वर्षं त्यांच्याच घरात राहणारी. वय एकोणऐंशी. ती उठली. पदर सारखा केला. रडली नाही, त्यामुळे पुष्कळांनी जागच्या जागी निकाल दिला.

"आवाज बाईंचा आहे," ती म्हणाली. "पण ह्या बाई नाहीत."

आणि ती निघून गेली. सभागृहाच्या पायऱ्यांवर गर्दी जमली. यज्ञेश्वरराव मधोमध उभे राहून हळहळत होते.

"काय मन होतं हो! शेवटच्या घटकेला नातीला जगायला सांगून गेली बाई. आणि जिनं हे हाल केले तिचं नावसुद्धा लाडानं घेतलं, चंद्रा म्हणून. आपल्या हातून काही होणार आहे का, नीरजाबाई? की इथेही फक्त नारळ?"

२

होण्यासारखं पुष्कळ होतं, कारण मुक्ताबाईंनी तसं लिहूनच ठेवलं होतं. सदाशिव पेठेतली तिसऱ्या मजल्यावरची जागा पुढेमागे त्यांच्या नावाचं संग्रहालय व्हायची होती. पण चंद्रभागा हयात आहे तोवर तिथे तीच राहणार. अपवाद एकच. तिनं बाईंची हेळसांड केली असं तीन विश्वस्तांपैकी दोघांचं मत पडलं, तर तिनं घर सोडायचं. विश्वस्त तिघे: यज्ञेश्वर गोवंडे, बाईंच्या पुतण्याची मुलगी वल्लरी, आणि खालच्या मजल्यावरची नीरजा.

"तू वाईट बाई आहेस, म्हणून तुला नेमते," मुक्ताबाई तिला म्हणाल्या होत्या. "चांगली माणसं लगेच फितूर होतात."

रविवारी बैठक होती. वर्तमानपत्रानं कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशीच बातमी छापली होती: 'अभिनेत्रीच्या अखेरच्या ध्वनिफितीने खळबळ, शेवटचे वाक्य अर्ध्यावर तुटले.' दूधवाल्यानं चंद्रभागेच्या दाराशी पिशवी ठेवताना बेल वाजवणं बंद केलं होतं. समोरच्या बिऱ्हाडानं तिच्या चपलांशेजारून आपला चपलांचा स्टँड हलवला होता.

नीरजा वर गेली तेव्हा दार उघडंच होतं.

"या. बघून घ्या," चंद्रभागा म्हणाली. "डबे बघा, फ्रिज बघा. उपाशी ठेवल्याच्या खुणा कुठं असतात ते तुम्हालाच माहीत. मला नाही."

"मी झडती घ्यायला नाही आले."

"मग कशाला आलात? साठ वर्षांत तुम्ही लोक या घरात दोनदाच आलात. गणपतीची वर्गणी मागायला आणि पाण्याची टाकी फुटली तेव्हा."

हे खरं असल्यामुळे नीरजानं ते नावे टाकून घेतलं आणि बसली. "वल्लरी म्हणते, शेवटचे चार महिने तुम्ही तिला आत येऊ दिलं नाही."

"नाहीच दिलं. हिरड्या सुजल्या, कवळी बसेना. पडद्यावर सगळ्या महाराष्ट्रासमोर बोळकं उघडून बसलेली बाई, घरात मात्र बिनदातांची कुणाला दिसायला तयार नव्हती. मला म्हणाली, 'चंद्रा, कुणी आलं तर दारातनं परत पाठव. दोष तू घे, तुला सवय आहे.' घेतला."

"जेवत होत्या?"

"पेज. चमच्यानं. मी भरवायची. पाय धरून विनवलं तेव्हा चार चमचे." तिनं पदराचं टोक कमरेला खोचलं. "पण सकाळचा पाठ मरेपर्यंत चुकवला नाही. दात पाडले ना, तेव्हा दिग्दर्शक हसला होता, म्हणे आता हिचे शब्द वाऱ्यावर जाणार. मग बाईंनी हट्टानं जीभ हिरडीला लावून लावून शब्द बसवले. रोज पहाटे आरशासमोर, कवळी काढून. चमचा, जहाज, चमचा, जहाज. आणि शेवटी, जग म्हणतं जग. ते दहा वेळा. गेल्या त्या दिवशीसुद्धा म्हणाल्या."

"तो आवाज त्यांचा नाही, असं तुम्हाला का वाटलं?"

"ते मला सांगता येत नाही. मी काय केसांतली बाई. टोप डोक्यावर अर्धं बोट सरकला तर मला कळतं, कुठे सरकला ते मागून बघावं लागतं. तसं आहे ते. सरकलंय." तिनं दाराकडे बोट केलं. "रविवारी घालवायचं असेल तर दुपारनंतर घालवा. सकाळी मला टोपांना ऊन दाखवायचंय."

३

वल्लरी सरंजामे एका आयटी कंपनीत माणसं नेमायचं आणि काढायचं काम करायची, आणि दुसऱ्यात जास्त तरबेज होती. तिनं नीरजाला ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये भेट दिली, घड्याळ टेबलावर काढून ठेवून.

"नीरजाताई, मी स्पष्टच बोलते. ती बाई मला आवडत नाही. लहानपणी मी काकूआजीच्या टोपाला हात लावला म्हणून तिनं माझ्या हातावर कंगवा मारला होता. आणि शेवटी तर दारातनं हाकलून दिलं. मी फळं घेऊन गेले होते. तिनं फळं घेतली आणि मला नाही."

"तू वर्षातनं किती वेळा जायचीस?"

"रिव्ह्यू घेताय का माझा?"

"सवय आहे."

"दोनदा. ठीक आहे? दिवाळी आणि वाढदिवस. म्हणूनच ते 'फार सोसलंस' ऐकून मला..." ती थांबली. एका क्षणापुरती ती माणसं काढणारी बाई राहिली नाही. "मी काहीच सोसलेलं नाही. हे तिला माहीत होतं. मग का म्हणाली? आणि नंतर ते 'आता जग', जग काय? जग तुला नावं ठेवील? जग विसर? रात्रंदिवस तेच डोक्यात चाललंय. माझ्याशी बोललेलं शेवटचं वाक्य, आणि तेच तुटलेलं. त्या बाईनंच रेकॉर्डिंग बंद केलं असणार, दुसरं काय!"

"जागा रिकामी झाली तर तुझा फायदा?"

"संग्रहालयाच्या समितीवर कायमची जागा, फुकटची. यज्ञेश्वरकाकांनी सांगितलंय तसं." तिनं घड्याळ हातात घातलं. "माझं मत ठरलंय. चंद्रभागाबाईंनी घर सोडावं."

नीरजा बाहेर आली. वल्लरीच्या नावेच्या बाजूला राग, दुर्लक्ष आणि मतलब. निरोप तिच्या नावे, फायदा तिच्या पदरी. बँकेत असती तर एवढ्यावर तिनं आरोपपत्र टाइप करायला घेतलं असतं. पण एक गोष्ट बसत नव्हती. स्वतःच्या नावे खोटा निरोप बनवणारा माणूस तो अर्धवट ठेवून मग त्याच्यासाठी झुरत बसत नाही.

४

अवधूत शेळके धायरीत राहायचा आणि बिबवेवाडीत, प्लायवूडच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत, वेब सिरीज बनवायचा. मुक्ताबाईंच्या आयुष्यावर सिरीज काढणार, आणि त्यात बाईंचा आवाज यंत्रानं पुन्हा बोलता करणार, असं त्यानं सहा महिन्यांपूर्वी जाहीर केलं होतं. त्यामुळे कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवसापासून अर्धं पुणे त्याच्याकडे बोट दाखवत होतं.

"मॅडम, मी इतका मूर्ख दिसतो का?" तो म्हणाला.

"दिसण्यावर मी जात नाही."

"बरं. मग लॉजिकवर जा. मला सिरीजमध्ये चंद्रभागाबाई हव्यात. ती लव्ह स्टोरी आहे हो, त्या दोघींची मैत्री! आणि मीच त्यांना व्हिलन करू? त्यांनी मला हाकललं ते वेगळं. गरम चिमटा घेऊन मागे लागल्या होत्या. केस कुरळे करायचा."

"ती ध्वनिफीत यंत्रावरची आहे का?"

"कानानं नाही सांगता येणार, आजकाल इतकं परफेक्ट होतं. मजकूर टाइप करायचा, मशीन वाचून दाखवतं. पण ज्यानं केलंय तो एडिटिंगमध्ये ढ आहे. शेवट बघा ना, मध्येच कट. 'आता जग', खलास. मी असतो तर वाक्य तरी पूर्ण करून दिलं असतं."

"मग तू का नाही केलास आवाज?"

"रॉ मटेरियल कुठाय? मशीनला त्या माणसाचं तासन्‌तास बोलणं लागतं, एकदम स्वच्छ. सिनेमाच्या साउंडट्रॅकला पार्श्वसंगीत चिकटलेलं असतं, ते चालत नाही. गोवंडे सरांनी चरित्रासाठी बाईंच्या मुलाखती टेप केल्या होत्या. पाया पडून मागितल्या. म्हणाले, टेपांना बुरशी लागली, सगळं गेलं." त्यानं खांदे उडवले. "त्यामुळे माझ्याकडे बाईंचा आवाज नाही. ज्याच्याकडे आहे त्याला विचारा."

नीरजा जिना उतरताना कठड्याला हात धरून थांबली. कार्यक्रमातल्या त्या आवाजात ना संगीत होतं, ना खरखराट, ना बुरशी.

५

"ती खुर्ची नको. मुक्ताबाईंची आहे, शूटिंगची. हिच्यावर बसा." यज्ञेश्वररावांनी तिला वेताची एक बैठी खुर्ची दिली. वय चौऱ्याहत्तर, अंगात स्वच्छ सदरा, भिंतीवर मुक्ताबाईंची सगळी कारकीर्द: पोस्टर, स्थिरचित्रं, आणि मधोमध स्वतःच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ.

"तुमचं चरित्र परत वाचलं," नीरजा म्हणाली. "चंद्रभागाताई त्यात एकदाच येतात. 'त्यांची सेविका', अर्धी ओळ."

"मग काय प्रकरण लिहायचं होतं? ती केस विंचरायची हो."

"साठ वर्षं."

"कंगवासुद्धा साठ वर्षं होता." ते आपल्याच विनोदावर हसले. मग टेबलावर एक मोठा कागद पसरला. संग्रहालयाचा आराखडा होता. "हे दालन वेशभूषेचं. हे ध्वनीचं. आणि ही मागची खोली, जिथे सध्या ती झोपते, तिथे छोटं चित्रपटगृह. बारा खुर्च्या. नीरजाबाई, डॉक्टरनं माझ्या हृदयात दोन स्प्रिंगा बसवल्यात. ती बाई मात्र जिने चढते, दळण आणते, शंभरी गाठेल. मी तोवर काय करू? मुक्ताबाईंना पन्नास वर्षं मी जपलं. लोक विसरले, मी नाही. उद्घाटनाची फीत कापायला मी असलो पाहिजे की नको?"

"तो ध्वनी विभाग फारच मोठा दिसतोय. टेपांना तर बुरशी लागली ना?"

"त्या अवधूतला तसंच सांगावं लागतं!" म्हातारा खुलला. "सगळ्या टेपा मी स्वतः संगणकावर घेतल्यात. या वयात शिकलो. पुसून, घासून, लख्ख. ऐका."

त्यांनी बटण दाबलं आणि खोलीत मुक्ताबाई बोलू लागल्या, अगदी शेजारी बसल्यासारख्या. "दात काढून दिले, पण शब्द पडू दिला नाही हो मी. लोकांना वाटतं अभिनय डोळ्यांत असतो. अभिनय दातांच्या मागे असतो."

"वा," यज्ञेश्वरराव डोळे मिटून म्हणाले. "काय वाक्य आहे! शेवट असा करता आला पाहिजे माणसाला. माझा तर आयुष्यभर तोच ध्यास. शेवटचं वाक्य लहान असावं. दोन शब्दांचं. वाचणारा तिथंच उभा राहिला पाहिजे."

घरी आल्यावर नीरजानं ध्वनिफितीचा मजकूर एका कागदावर उतरवून काढला, रविवारच्या इतिवृत्ताला लागणार होता म्हणून. मग चुका तपासायला मोठ्यानं वाचला. शेवटच्या शब्दावर ती अडली. पुन्हा वाचला. तिची जीभ आपली आपण वरच्या दातांना जाऊन टेकली.

ती तशीच उठून वर गेली आणि चंद्रभागेच्या दारावर थाप मारली.

"तो बाईंचा सकाळचा पाठ," ती म्हणाली, "पुन्हा एकदा म्हणून दाखवा. सावकाश."

६

रविवारी सकाळी मुक्ताबाईंच्या बैठकीच्या खोलीत पाच माणसं होती आणि खिडकीत लाकडी ठोकळ्यांवर चढवलेले नऊ पांढरे टोप ऊन खात होते. यज्ञेश्वरराव आल्या आल्या खोलीची लांबी डोळ्यांनी मोजू लागले. वल्लरी कुणाकडे बघत नव्हती. अवधूतला नीरजानं लॅपटॉप घेऊन बोलावलं होतं. चंद्रभागा दाराशी उभी होती; बस म्हटलं तरी बसली नव्हती.

"उरकून टाकू," यज्ञेश्वरराव म्हणाले. "माझं मत तुम्हाला माहीत आहे. वल्लरीचंही."

"आधी पुरावा इतिवृत्तात वाचला पाहिजे. पद्धत आहे." नीरजानं कागद पुढे केला. "तुमचा आवाज चांगला. तुम्हीच वाचा."

त्यांना आग्रह लागत नसे. ते उभे राहिले, घसा साफ केला आणि वाचलं. छान वाचलं. शेवटाकडे आवाज मुद्दाम खाली आणला: "...तू माझ्यापायी फार सोसलंस." लहानसा विराम. "आता जग."

वल्लरीनं झटकन मान वर केली. "काय म्हणालात?"

"जग. जगून घे, असं म्हणतेय ती तुला. इतकं साधं..."

"पण तिनं तसं नाही म्हटलं!"

"अगं, इथं लिहिलंय."

"लिहिलंय तसंच," नीरजा म्हणाली. "लिहिताना दोन्ही सारखंच दिसतं. हीच तर आपल्या लिपीची गंमत आहे, यज्ञेश्वरराव. जग म्हणजे दुनिया, तो 'ज' जेवणातला, टाळूचा. आणि जग म्हणजे जगून घे, तो 'ज' जावयातला, दातांचा. कागदावर एक, तोंडात दोन. अवधूत, लाव."

अवधूतनं लावलं. खरखरीत आवाज खोलीत फिरला आणि शेवटाला आला. आता सगळे त्या एकाच अक्षराची वाट बघत होते, आणि ते आलं ते सपाट, टाळूवरचं, भूगोलाच्या तासाला म्हणतात तसं. आता दुनिया. पुढे काही नाही.

"म्हणून सभागृहाला वाक्य तुटल्यासारखं वाटलं," नीरजा म्हणाली. "वर्तमानपत्राला वाटलं. अवधूतला वाटलं. जिच्यासाठी निरोप होता त्या वल्लरीलाही वाटलं, बिचारी अजून उरलेलं वाक्य शोधतेय. ते वाक्य तुटलेलं नव्हतंच. कुणीतरी 'आता जग' असं टाइप केलं आणि यंत्रानं त्याला समजलं तसं वाचलं. ते ऐकून कुणालाही 'जगून घे' असं कळणं शक्य नव्हतं. पण त्या संध्याकाळी, पायऱ्यांवर, फीत संपून चहासुद्धा आला नव्हता, तेव्हा एक माणूस मला म्हणाला, नातीला जगायला सांगून गेली बाई. यज्ञेश्वरराव, आम्ही कुणी हे ऐकलंच नाही. तुम्ही कुठे ऐकलंत?"

यज्ञेश्वरराव तिच्याकडे बघतच नव्हते. ते लॅपटॉपकडे बघत होते.

"परत लाव," ते म्हणाले.

अवधूतनं परत लावलं. म्हाताऱ्याचा चेहरा आंबट झाला, दुधात केस सापडावा तसा.

"हे... असं म्हटलंय? इतके दिवस हे असं वाजत होतं?" त्यांचा आवाज चिरकला. "छे! मी असं नव्हतं लिहिलं!"

बाहेर पिशवी घेऊन एक भंगारवाला ओरडत गेला. यज्ञेश्वररावांना आपण काय बोललो ते सर्वांत शेवटी ऐकू आलं.

"लिहिणाऱ्याला आपलंच लिहिलेलं ऐकू येतं," नीरजा म्हणाली. "वाचणाऱ्याचं नाही. तुम्ही ती फीत एकदाही ऐकली नाहीत. तुम्ही ती फक्त मनात वाचलीत."

"पन्नास वर्षं," ते पुटपुटले. "पन्नास वर्षं मी त्या बाईसाठी..."

"तुम्ही बाईंना जपलं म्हणालात. आणि बाई दात पाडून जो शब्द सांभाळत होत्या, तोच तुम्ही त्यांच्या तोंडून पाडलात. गेल्यावर."

चंद्रभागा दारातून हलली नाही. "घर पाहिजे होतं तर मागायचं होतं," ती म्हणाली. "मी नाही म्हटलं असतं. पण मागायचं होतं. उपाशी ठेवलं म्हणालात मला. पेज ह्याच हातानं भरवली मी." तिनं हात पुढे केला नाही, फक्त त्याच्याकडे बघितलं. "पुस्तकात अर्धी ओळ दिलीत ना? उरलेली अर्धी आता वर्तमानपत्राला सांगा. तुमच्या आवाजात. यंत्राच्या नको."

"राजीनामा आणि कबुली, दोन्ही आजच," नीरजा म्हणाली. "नाहीतर मी पोलिसांत जाते. मला मुक्ताबाईंनी वाईट बाई म्हणून नेमलंय, ते वाया घालवायची माझी इच्छा नाही."

यज्ञेश्वररावांनी सही केली. लिहिणाऱ्या माणसाची सही होती, शेवटी लांब फराटा. उठताना त्यांची नजर मागच्या खोलीच्या दाराकडे गेली, बारा खुर्च्यांकडे. मग ते गेले. अवधूतनं लॅपटॉप मिटला आणि चंद्रभागेकडे काहीतरी बोलायला वळला. तिनं खिडकीतल्या चिमट्याकडे नुसतं बघितलं, आणि तोही गेला.

नीरजानं इतिवृत्तात लिहिलं: चंद्रभागा ओव्हाळ या हयातभर येथेच राहतील. तिनं सही केली आणि कागद वल्लरीपुढे सरकवला. वल्लरीनं सही केली, पण पेन खाली ठेवलं नाही.

"म्हणजे काकूआजी मला काहीच म्हणाली नाही," ती म्हणाली. "तुटलेलंही नाही. काहीच नाही."

नीरजाकडे फक्त हिशेब होता आणि तो जुळला होता.

चंद्रभागा खिडकीशी गेली. एक टोप फिरवून त्याची दुसरी बाजू उन्हाला केली. पाठ वल्लरीकडेच होती.

"रोज म्हणायच्या, जग म्हणतं जग," ती म्हणाली. "पहाटे, कवळी काढून. कुणाला म्हणून नव्हे. आरशाला. तू चार वाजता उठून आली असतीस तर तुलाही ऐकू आलं असतं." मग तसंच पाठमोरं राहून, ती म्हणाली, "आता जग. आणि जाताना दार ओढून घे."

दोन्ही ज दातांचे होते.